दाटपणा आणि धारणशक्ती

केस धुण्याच्या द्रवात औषधी कण अधांतरी राहावेत म्हणून कृत्रिम बहुवारिकांऐवजी नैसर्गिक डिंक वापरावेत, असा आग्रह अलीकडे वाढला आहे. त्याच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा पुरावा मात्र पुष्कळदा केवळ श्यानतेचा असतो. द्रव दाट झाला की कण आपोआप अडकतात, हे त्यामागील गृहीत चिंत्य आहे.

कोंड्यावरील शांपूतील झिंक पिरिथिऑनचे उदाहरण घ्यावे. (युरोपीय संघाने २०२२ साली प्रसाधनांत त्यास मनाई केली, हा विषय निराळा.) कणाचा व्यास ५ मायक्रोमीटर, घनता सुमारे १.८ आणि द्रवाची श्यानता ३,००० सेंटिपॉइज धरली, तर स्टोक्सच्या नियमानुसार कण दिवसाला सुमारे ०.३ मिलिमीटर खाली जातो. वर्षभरात हे अंतर १० सेंटिमीटरांवर पोहोचते. म्हणजे बाटलीचा तळ गाठलाच. आरंभी ओतलेल्या शांपूत औषध अपुरे, अखेरच्यात अतिरिक्त! दाटपणा पतनास विलंब लावतो, ते थांबवीत नाही.

ते थांबविण्यास द्रवात असे सूक्ष्म जाळे हवे, की जे कणाच्या भाराने तुटू नये, पण बाटली दाबताच मोकळे व्हावे. उपरोक्त कणासाठी ०.०१ पास्कलहून कमी ताण सोसणारे जाळेही हिशेबाने पुरते. गवारीचा डिंक द्रव उत्तम दाट करतो. असे जाळे मात्र तो एकटा विणीत नाही. झँथन ते बऱ्याच अंशी विणते, आणि मिठालाही दाद देत नाही. कृत्रिम कार्बोमरचे जाळे मिठाने ढासळते, हे नैसर्गिकांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे तेवढे खरे आहे. जेलन तर ०.१ टक्क्याच्या आसपास, कॅल्शियमच्या साहाय्याने, बऱ्याच पातळ द्रवातही कण तोलून धरते. केवळ श्यानतेने पारख केल्यास नेमके तेच दुबळे ठरावयाचे. शिवाय झँथन व जेलन ही दोन्ही जिवाणूंकडून किण्वनाने मिळतात. ‘नैसर्गिक’ म्हणताना झाडाचा चीक डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मीरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या लहान कारखान्यांच्या वस्तीत हा भेद खर्चाचा होतो. जेलन सामान्यतः ८० ते ९० अंशांपर्यंत तापवून पाण्यात फुलवावे लागते, आणि पाणी आधीच जड असेल तर ते नीट फुलत नाही. तापविण्याची टाकी नसलेल्या गाळ्यात थंड पाण्यात मिसळणारे झँथन अधिक व्यवहार्य होय. मात्र बाटली ४५ अंशांत काही आठवडे उभी ठेवून वरच्या व खालच्या थरांतील जस्त मोजल्याखेरीज त्याचीही निवड पक्की मानता येत नाही.