ख्रिस्ती मुद्राचित्रांतील अवकाश आणि मोगल चित्रकार

पाश्चात्य ख्रिस्ती मुद्राचित्रांवरून मोगल दरबारांत जीं चित्रें झालीं, त्यांस सदोष नक्कल म्हणून बाजूस सारण्याची रीति संग्राहकांत आढळते. मूळांतील दूरत्व त्यांत उतरलें नाहीं, हा मुख्य आक्षेप. तो कितपत टिकतो हें पाहूं.

हीं मुद्राचित्रें आमच्या कोंकणकिनाऱ्यानेंच वर गेलीं. नोव्हेंबर १५७९ मध्यें गोव्याहून निघालेले अक्वाविवा, मोन्सेरात प्रभृति जेझुइट पाद्री श्रीवर्धनच्या बाहेरील समुद्रवाटेनें दमणास गेले आणि १५८० त फत्तेपूर शिक्रीस पोंचले. आंटवर्प येथें छापलेलें सचित्र बहुभाषी बायबल त्यांनीं अकबरास नजर केलें.

ताम्रपट म्हणतांच आपणांस दानपत्र आठवतें. येथें मात्र पट वाचावयाचा नसून छापावयाचा असतो. त्यावर पोलादी टोकानें रेषा कोरतात, किंवा मेणाचा लेप खरवडून उघडी पडलेली रेषा तेजाबाकडून खाववितात. मग तींत शाई भरून पट कागदावर दाबतात. रंगाचें साह्य नाहीं. जवळ व दूर हा भेद रेषांच्या जाडीनें व दाटीनेंच साधावयाचा.

ड्युररचें १५११ चें क्रूसारोहण असें कोरलेलें आहे. तळहाताएवढ्या कागदावर मध्यें क्रूस, त्याच्या दोन्ही अंगांस शोकमग्न मंडळी. त्यांतील हात गुंफून उभा असलेला एकटा योहान १६०० च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुल हसननें उतरून घेतला. तें चित्र ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयांत आहे. क्रूस नाहीं, इतर माणसें नाहींत. भोंवतीं मोकळा कागद. हें असामर्थ्य म्हणावें, तर वस्त्राच्या चुण्यांचा उंचसखलपणा त्यानें उत्तम साधला आहे. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र निम्नोन्नत दाखविणाऱ्यासच चित्रवेत्ता म्हणतें. त्या कसोटीस हा मुलगा उतरतो. अर्थात् अवकाश त्यानें गमावला नाहीं, गाळला. त्यांत हानिही झाली, हें मान्य केलें पाहिजे: शोक राहिला, शोकाचा विषय गेला.

देवघेव एकाच दिशेची नव्हती. रेम्ब्रांटनें मोगल चित्रांवरून वीसांहून अधिक रेखाटनें केलीं. १६५६ च्या त्याच्या तेजाबी मुद्राचित्रांत अब्राहामाचे दिव्य अतिथि मेजाशीं न बसतां जमिनीवर बसले आहेत. ही बैठक वृक्षाखालीं बसलेल्या शेखांच्या मोगल चित्रावरून आली, असें अभ्यासक मानतात. ज्या मांडणींत आम्ही उणीव पाहतों, तींतच त्या थोर कलावंतास कांहीं घेण्याजोगें दिसलें.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति: असें पान हातीं आल्यास आकृतीभोंवतींचा कोरा कागद निरुपयोगी समजून कापूं नये, नोंदींत त्याचेंही माप द्यावें. चित्रकारानें काय घेतलें हें आकृति सांगते. काय सोडलें, हें त्या कोऱ्या जागेवांचून कळत नाहीं.