मालेगावचा सुपरमॅन आणि टेपचं रसायन

राहनाळला लूमची खटखट ऐकत 'सुपरमेन ऑफ मालेगाव' पुन्हा पाहिली. फैझा अहमद खान यांची २००८ची डॉक्युमेंटरी. लूम कामगार शफीक शेख सुपरमॅन होतात, बैलगाडी क्रेन होते, कॅमेरा चक्क पाण्यात पडतो, तरी सिनेमा अर्धवट सुटत नाही. कुणाचीच कीव नाही, हीच तिची ताकद. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२४) नेटका आहे, पण त्यात आठवणी जरा जास्तच गोड होतात.

माझी पीएचडी पॉलिमरच्या ऱ्हासावर, म्हणून मला वेगळंच खटकतं. व्हिडिओ टेपवर चुंबकीय कण पॉलिएस्टर-युरेथेनच्या थरात बसवलेले असतात. दमट हवेतलं पाणी त्या थरातले एस्टर बंध तोडतं. यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. थर चिकट होतो, कण सुटतात आणि चित्रही जातं. त्याआधीच्या हौशी आठ मिलिमीटर फिल्मचं तसंच: अ‍ॅसिटेट कुजलं की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो.

शफीक कॅन्सरने गेले. त्यांच्यावरचे सिनेमे टिकतील, पण गावोगावच्या हौशी लोकांनी स्वतः केलेल्यांचं काय? नुसती हळहळ करून बंध जुळत नाहीत. घरात लग्नाची, नाटकाची टेप असेल तर पावसाळ्याआधी डिजिटल करून घ्या.