जुलैतलं मावळ आणि फोटोतला हिरवा

जून संपता संपता लोणावळ्याच्या फोटोंची लाट येते. लोहगडाचा विंचूकाटा, टायगर पॉइंटखालची दरी, भाज्याच्या लेण्यांवरून कोसळणारं पाणी, पवनेच्या काठचे तंबू. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या फोटोंची रचना खूप सुधारली आहे. चौकट कुठे कापायची, माणूस कुठे उभा करायचा, धबधब्यासाठी शटर किती उघडं ठेवायचं, हे आता कॉलेजातली मुलंही जाणतात. रंगाच्या बाबतीत मात्र आपण मागे गेलो आहोत. राजमाचीपासून तिकोन्यापर्यंत सगळ्या डोंगरांवर एकच हिरवा फासलेला दिसतो, आणि तो असा झगझगीत की डोळे दुखावेत.

प्रत्यक्षात जुलैतल्या नाणे मावळात हिरव्याचे किती प्रकार असतात! रोपातला भात पिवळसर कोवळा असतो. नुकती लावणी झालेलं खाचर हिरवं नसतंच. त्यात आभाळाचं करडेपण साचलेलं असतं. बांधावरचं गवत वेगळं, ओल्या कातळावरचं शेवाळ काळपट, कारवीचं रान गडद. आणि या सगळ्यावर ढग उतरलेला, म्हणजे दहा पावलांपलीकडचा प्रत्येक रंग पांढऱ्यात मुरलेला. हे फरक फोटोत का उरत नाहीत, याचं अर्धं उत्तर छायाचित्रकाराच्या अभिरुचीत आहे. उरलेलं अर्धं कलर प्रोफाइल नावाच्या, बहुतेकांनी कधी न उघडलेल्या खणात आहे.

फोटोच्या फाइलमध्ये असतात ते फक्त आकडे. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन, साधारणपणे ० ते २५५ मधले. पण हिरव्याचा २५५ म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे आकडा सांगत नाही, प्रोफाइल सांगतं. प्रोफाइल नसलेली फाइल म्हणजे रक्कम लिहिली, पण रुपये की डॉलर ते लिहिलंच नाही अशी पावती. वाचणारा आपल्या समजुतीने अर्थ लावतो.

प्रचलित मोजमापं मुख्यतः तीन. एसआरजीबी हे ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६मध्ये मांडलं, तेव्हाच्या काचेच्या पडद्यांचा विचार करून. १९९९मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. ॲडोबी आरजीबी १९९८चं, छपाईच्या शाईतले निळे-हिरवे सामावून घेण्यासाठी आखलेलं. तिसरं डिस्प्ले पी३, डिजिटल सिनेमाच्या प्रोजेक्टरवरून आलेलं. ॲपलने २०१५मध्ये ते आयमॅकच्या पडद्यावर आणलं आणि २०१६च्या आयफोन ७पासून खिशातला कॅमेराही त्यात फोटो काढू लागला. या तिघांत लाल-निळ्याच्या टोकांना तसा थोडाच फरक आहे. ॲडोबी आरजीबीचं लाल आणि निळं टोक तर एसआरजीबीचंच आहे. खरी तफावत पडते ती हिरव्याच्या टोकाला. राजस्थानच्या वाळूचे फोटो काढणाऱ्याला प्रोफाइलकडे दुर्लक्ष करणं एक वेळ परवडेल. मावळातल्या पावसाळ्यात ते परवडत नाही.

आपल्याकडच्या गोंधळाला एक इतिहासही आहे. पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांची एक पिढी छपाईसाठी घडली: दिवाळी अंक, कॅलेंडरं, किल्ल्यांवरची मोठ्या आकाराची पुस्तकं. गोपाळ बोधे यांची हवाई छायाचित्रं किंवा २०१०मध्ये आलेलं उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ ही त्या काळाची ठळक उदाहरणं. छापखान्याला द्यायच्या फाइलसाठी कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर ठेवणं हा तेव्हा शहाणपणा होता. फोटो पडद्यावर बघायचे झाले तरी ती सवय सुटली नाही. (फाइलचं नाव अधोरेषेने सुरू होत असेल तर कॅमेरा बहुधा अजून तिथेच आहे.) अशा फाइलचं प्रोफाइल वाटेत गळलं की वाचणारं ॲप तिला एसआरजीबी समजतं. गवत मलूल होतं, चेहरे आजारी दिसतात. मग काढणारा चिडून रंगांची तीव्रता वाढवतो. तीच फाइल कोणी पाहतो रुंद रंगांच्या मॉनिटरवर, रंगव्यवस्थापन न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये; तिथे तो वाढवलेला हिरवा आणखी ताणला जातो. आजच्या झगझगाटाचा काही भाग तरी या दुरुस्तीवरच्या दुरुस्तीतून आलेला आहे.

पण ‘एसआरजीबी अपुरं, म्हणून रंग बिघडतात’ ही तक्रार मला पटत नाही. पानांचा नेहमीचा हिरवा त्यात बहुतेक वेळा मावतो. तो बाहेर जातो ते आपण ढकलल्यामुळे. संपादनाचं सॉफ्टवेअर आत रुंद रंगावकाशात काम करतं, तिथे स्लायडर कितीही रेटला तरी जागा असते. निर्यात करताना जागा संपते आणि बाहेर गेलेले सगळे हिरवे सीमेवर आणून बसवले जातात. रोप, गवत, शेवाळ यांचे वेगवेगळे आकडे एका कडेला गोळा होतात, पात्यापात्यातला फरक बुजतो. ‘पर्सेप्च्युअल’ पर्याय निवडला की हे टळेल असं शिकवलं जातं. सर्वत्र वापरात असलेल्या साध्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये त्यासाठी लागणारं कोष्टकच नसतं, त्यामुळे तो पर्याय निवडून काही बदलत नाही. निर्यातीआधी सॉफ्ट प्रूफमध्ये सीमेबाहेरचे भाग पाहून हिरवा हाताने खाली आणावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आणि ते फार थोडे लोक करतात.

धुक्याचं तर आपण हसंच केलं आहे. २०१५मध्ये ॲडोबीने लाइटरूममध्ये ‘डीहेझ’ नावाचा स्लायडर दिला. प्रदूषणाने मळलेल्या क्षितिजासाठी तो उपयोगी आहे. लोणावळ्यात जुलैत तो वापरणं म्हणजे ज्यासाठी घाट चढून आलो तेच पुसून टाकणं. धुकं जातं, रंग आपोआप गडद होतात, आणि उरलेल्या ढगात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे उमटतात, कारण आठ बिटांच्या जेपीईजीत इतक्या हळुवार उताराला ताणायला आकडेच उरलेले नसतात. त्यातच कोणी प्रोफोटोसारख्या अतिरुंद प्रोफाइलमध्ये आठ बिटांची फाइल पाठवली तर पट्टे आणखी वाढतात. प्रोफोटो सोळा बिटांत, आपल्याच संगणकावर ठेवावं. ते बाहेर पाठवायचं प्रोफाइल नव्हे. मावळच्या जुलैसाठी एसआरजीबी पुरतं, आणि त्याच्या आत राहण्याचा संयम हीच खरी कारागिरी आहे.

रुंद प्रोफाइलचा खरा उपयोग दुसऱ्या ऋतूत होतो, आणि तिथे आपण त्याला विसरतो. सप्टेंबरात कड्यांवर सोनकी फुलते. तिचा भर उन्हातला पिवळा एसआरजीबीबाहेर सहज जातो आणि पाकळ्यांचा नुसता पिवळा डाग होतो. डिस्प्ले पी३मध्ये तिला थोडी जास्त जागा मिळते. पावसाच्या तोंडावर राजमाचीच्या रानात चमकणारे काजवे तर याहून कठीण. त्यांचा पिवळसर हिरवा प्रकाश इतका शुद्ध असतो की एसआरजीबीचा कोणताही आकडा तिथे पोचत नाही. त्यावर अनेक एक्स्पोजर एकमेकांवर रचून हजारो काजव्यांचं झाड उभं करायची पद्धत रुळली आहे. ते रचलेलं आहे हे मथळ्यात लिहायची पद्धत मात्र रुळलेली नाही.

फोटो जिथे टाकतो त्या ठिकाणांना दोष देण्याची सवयही आता सोडायला हवी. फेसबुकने २०१२च्या सुमाराला ५२४ बाइटांचं छोटंसं एसआरजीबी प्रोफाइल फोटोंना जोडायला सुरुवात केली. नेहमीचं ३ हजार १४४ बाइटांचं असतं. इन्स्टाग्रामने पुढे रुंद रंग स्वीकारले. अँड्रॉइडमध्ये २०१७च्या ८.० आवृत्तीपासून रंगव्यवस्थापनाची सोय आहे. फाइल एसआरजीबीत ‘रूपांतरित’ करून, प्रोफाइल जोडून पाठवली तर सहसा वाट चुकत नाही. नुसतं प्रोफाइलचं लेबल बदलून, आकडे तसेच ठेवून पाठवली तर कुठलंही ठिकाण ती वाचवू शकत नाही. ‘कन्व्हर्ट’ आणि ‘असाइन’ या दोन आज्ञांमधली गल्लत कार्यशाळांमध्ये अजून सर्रास दिसते.

शेवटचा अडसर पाहणाऱ्याच्या हातात असतो. अनेक फोनच्या पडद्यांना ‘व्हिव्हिड’ नावाची अवस्था असते आणि ती चालू असली की साधा एसआरजीबीही फुगतो. पवनेकाठच्या तंबूंच्या जाहिराती बहुधा अशाच पडद्यावर बसून रंगवल्या जात असाव्यात. एरवी पावसाळ्यातलं गढूळ, तांबूस पाणी त्यांत मालदीवसारखं निळं होण्याचं दुसरं कारण सापडत नाही. निदान फोटो काढणाऱ्याने आपला फोन ‘नॅचरल’वर ठेवावा आणि पाठवण्याआधी एखाद्या स्वस्त फोनवरही पाहून घ्यावं.

एवढं जमेपर्यंत नवी अडचण दारात आली आहे. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून ‘अल्ट्रा एचडीआर’ फोटो आले: नेहमीच्या जेपीईजीसोबत उजेडाचा एक वेगळा नकाशा, जो चालेल त्या पडद्यावर पांढऱ्याला कागदी पांढऱ्यापेक्षा कितीतरी उजळ करतो. ओल्या कातळावरची चमक त्यात सुरेख दिसते. पण लोहगडावरचं धुकं ट्यूबलाइटसारखं पेटतं. हा नकाशा हाताने उतरवण्याची सोय लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी मावळातल्या छायाचित्रकारांनी ती शोधून ठेवायला हरकत नाही.