प्रयोगशाळेतील नळ आणि विधिमंडळातील सूत्र

अमेरिकेतील सरकारी शाळांमधील विषमतेचा विषय निघाला, की जोनाथन कोझोल यांच्या ‘सॅव्हेज इनइक्वालिटीज’ (१९९१) या पुस्तकाचे नाव निघतेच. कोझोल स्वतः बॉस्टनमध्ये प्राथमिक शिक्षक होते. १९८८ ते १९९० या काळात त्यांनी सुमारे तीस वस्त्यांतील शाळा पाहिल्या, मुलांशी व शिक्षकांशी ते बोलले, आणि त्यावर हे पुस्तक लिहिले. विज्ञान शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हांला वाटते. मात्र ते कोणत्या क्रमाने वाचावे, याविषयी आमचे थोडे वेगळे म्हणणे आहे.

पहिले प्रकरण इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुईस या गावाचे आहे. वस्ती जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीयांची. शेजारचे रासायनिक कारखाने नगराच्या हद्दीबाहेर. म्हणजे धूर गावात येतो, कर मात्र नगराला मिळत नाही. गटाराचे मैलापाणी शाळेच्या स्वयंपाकघरात शिरलेले. तेथील हायस्कुलाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रयोगासाठी सहा टेबले आहेत, पण नळ असायला हवेत तेथे नुसती भोके उरली आहेत. पाणी मिळाले तर फार बरे होईल, असे तेथील शिक्षक सांगतात. एका ब्युरेटवर चाळीस मुलांचे टायट्रेशन उरकणाऱ्या आपल्या शिक्षकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पण वाचक येथेच एक चुकीची समजूत करून घेऊ शकतो. कोणी तरी अधिकारी निष्काळजी होता, म्हणून नळ गेले, अशी. खरे कारण पुस्तकाच्या शेवटच्या, टेक्सासमधील सॅन अँटोनियोवरील प्रकरणात आहे. म्हणून ते प्रकरण आधी वाचावे, अशी आमची सूचना आहे.

आपल्याकडे अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. अमेरिकेत शाळा चालवते ते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. हा आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. बहुधा एखाद्या गावाएवढे किंवा उपनगराएवढे ते शाळांपुरते क्षेत्र असते. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच क्षेत्रातील घरे, दुकाने व कारखाने यांवरील मालमत्ता करातून येतो. हा कर बसवण्याचा अधिकार, त्याची मर्यादा आणि राज्याकडून मिळणारी मदत हे सारे राज्याचे विधिमंडळ ठरवते.

याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी या प्रकरणात चर्चिलेल्या रॉड्रिग्ज खटल्याच्या निकालपत्रातील १९६७-६८ या वर्षाचे आकडे फळ्यावर मांडावेत. सॅन अँटोनियोच्या एजवुड डिस्ट्रिक्टमध्ये दर विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलरची करपात्र मालमत्ता होती; श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक. एजवुडने शंभर डॉलरला १.०५ डॉलर कर घेतला, अलामो हाइट्सने ८५ सेंट. राज्याच्या योजनेतील आपापला ठरीव वाटा भरून झाल्यावर एजवुडकडे दर मुलामागे २६ डॉलर उरले, अलामो हाइट्सकडे ३३३. राज्याची मदत एजवुडला २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सला २२५! केंद्राचा पैसा धरून बेरीज अनुक्रमे ३५६ आणि ५९४ झाली. कराचा दर जास्त, आणि हाती येणारा पैसा कमी. यात कोणी लबाडी केलेली नाही. सूत्रच तसे होते.

१९७३ साली केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यघटनेविरुद्ध ठरवली, आणि १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही पैसा गरिबांकडे वळवणारा कायदा झाला.

पुस्तकाच्या दोन उणिवा आम्हांला जाणवतात. कोझोल अत्यंत गरीब आणि अत्यंत श्रीमंत अशा शाळा समोरासमोर ठेवतात. त्यामुळे वाचक हलतो, पण मधल्या शेकडो शाळांचे चित्र पुसट राहते. दुसरे असे, की पैसा आटला तर कात्री आधी कोठे लागते याचा सलग विचार पुस्तकात नाही. वेतन, बस, हीटिंग हे खर्च सहसा टाळता येत नाहीत. मग उरतात रसायने, काचसामान, दुरुस्ती. प्रयोग बंद करावेत असा ठराव कोणी करत नाही. ते बंद पडतात.

केवळ पैसा वाढवून शिक्षण सुधारत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता. कोझोल त्याला नैतिक उत्तर देतात: पैशाने फरक पडत नसेल तर श्रीमंतांनी आपला सोडावा. हे उत्तर चपखल आहे, पण तो पुरावा नव्हे. पुरावा पुढे आला. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निधीचे नियम बदलण्यापूर्वीच शाळा संपलेल्या मुलांची तुलना नंतर शिकलेल्यांशी केली. दर विद्यार्थी खर्च शालेय जीवनाची बाराही वर्षे १० टक्के अधिक राहिल्यास मोठेपणीचे वेतन सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि गरीब घरच्या मुलांना लाभ अधिक होतो, असे त्यांना आढळले.

ईस्ट सेंट लुईसच्या राज्याची कथाही बोलकी आहे. शिक्षणाच्या खर्चाची मुख्य जबाबदारी राज्याची, असे इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत लिहिले आहे. तरीही १९९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न विधिमंडळाचा म्हणून हात लावण्यास नकार दिला. २०१७ मध्ये कायदा बदलला: मुलांच्या गरजांवरून प्रत्येक डिस्ट्रिक्टचा आवश्यक खर्च काढायचा, तो उपलब्ध साधनांशी ताडायचा, आणि नवा पैसा मोठी तूट असलेल्यांकडे आधी वळवायचा. जुने अनुदान मात्र कोणाचेच कमी करायचे नाही. पुस्तक प्रसिद्ध झाले त्या वर्षी शाळेत दाखल झालेली मुले तोवर तिशीत पोचली होती.

कोझोल यांनी मोडका नळ दाखवला, हे त्यांचे मोठे काम. त्या नळापासून कायद्याच्या कलमापर्यंत पाइप कसा जातो, हे वाचकाने स्वतः शोधायचे आहे. नववी-दहावीच्या वर्गात वरील गुणाकार-बेरीज एका तासात होईल. मग मुलांना विचारावे: या सूत्रातला कोणता आकडा बदलला, तर प्रयोगशाळेत पाणी येईल?