‘सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणि मराठी टीकाकार

कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हा कथासंग्रह १८६१ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागला. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांचा हातभार लागून तो पुरा झाला. सामान्य वाचकाने या गोष्टी मनापासून वाचल्या. टीकाकारांनी मात्र वाङ्मयेतिहासात त्यांना बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आरंभीची मराठी कादंबरी अद्भुताच्या नादी लागली ती या भाषांतरामुळे, हा तो आरोप होय.

कालक्रम पाहता हा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ चीच. ज्या साली भाषांतराचे प्रकाशन नुकते सुरू झाले, त्याच साली त्याचा परिणामही छापून तयार व्हावा, हे चमत्कारिक गोष्टींतच शोभेल. रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’विषयी (१८६८) असे अनुमान करण्यास वाव आहे, पण तेथेही दुसरे उगम डोळ्यांआड करता येत नाहीत. ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीत आली होती. ‘वेताळ पंचविशी’ १८३० ची. अद्भुताची गोडी मराठी वाचकास बगदादहून आणावी लागली नाही.

मग हे मत रुजले कसे? काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध १८७२ चा, आणि राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ चा. अद्भुत आणि वास्तव यांचा झगडा तेव्हापासून मराठी टीकेचा मुख्य विषय होऊन बसला. त्या झगड्यात कोणत्याही ग्रंथाला पहिला प्रश्न विचारला गेला तो विषयाचा. ग्रंथ कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न मागे पडला. आणि या संग्रहाच्या बाबतीत तोच प्रश्न महत्त्वाचा होता.

कारण भाषांतरकार वैयाकरण होता. दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणातील मतांची चिकित्सा ज्याने ‘शालापत्रका’तील निबंधांतून केली, तोच या गोष्टी लिहीत होता. मूळ रचनेत कथेच्या पोटात कथा आणि तिच्या पोटात तिसरी असते. कोण कोणास सांगत आहे, हे वाक्यागणिक सांभाळावे लागते. मराठीत परोक्त देण्याच्या दोन वाटा आहेत. ‘तिने सांगितले की तो येतो’ ही एक. यातील ‘की’ फारसीतून आलेला. ‘तो येतो म्हणून तिने सांगितले’ ही दुसरी. हिचे कन्नडमधील ‘एंदु’च्या रचनेशी साम्य स्पष्ट आहे. पहिली वाट बोलणे सुरू होताना खूण करते, दुसरी ते संपताना. शालेय पुस्तकांच्या इंग्रजी वळणाच्या गद्यास पहिली सोयीची. कथेतून कथेकडे परतण्यास दुसरी. या दोन वाटांची निवड हीच अशा भाषांतराची खरी परीक्षा, आणि ती आमच्या टीकेने घेतलीच नाही.

शब्दांचेही तेच. पुण्याच्या शास्त्रीपरंपरेतील लेखकास खलिफा, सौदागर, वजीर यांचे जग संस्कृतप्रचुर गद्यात बसवावयाचे होते. हाच ग्रंथ कर्नाटकाच्या सीमेजवळ, धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावी वाचला, तर त्याचे परकेपण पुष्कळ कमी होते. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील राज्यकारभार १८८४ पर्यंत फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. पुण्यात जो शब्द ‘अरबी गोष्टींतला’ वाटे, तो येथे कचेरीच्या दारात ऐकू येई. ‘मराठी वाचकाची प्रतिक्रिया’ म्हणून नोंदली गेलेली गोष्ट बव्हंशी पुण्या-मुंबईच्या वाचकाची आहे, एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे.

ग्रंथनामातील ‘अरबी भाषेतील’ हे शब्दही तपासून घ्यावेत. भाषांतर इंग्रजीवरून झाले. युरोपात या गोष्टी पसरल्या त्या गालाँ याच्या फ्रेंच भाषांतरामुळे (१७०४–१७१७). त्यातील अल्लाउद्दीन व अलीबाबा यांच्या कथा त्याला हन्ना दियाब या सिरियन कथकाने १७०९ मध्ये तोंडी सांगितलेल्या. म्हणजे ज्या ग्रंथास ‘केवळ भाषांतर’ म्हणून दुय्यम लेखले, त्याच्या मुळाशीही सांगणारा आणि ऐकून लिहिणारा अशी जोडीच होती. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी ग्रंथाचे सोळा खंड मराठीत आणले. दोन्ही भाषांतरांत आलेली एखादी कथा समोरासमोर ठेवून तिच्यातील ‘की’ आणि ‘म्हणून’ मोजण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे.