लॉजिस्टिक समाश्रयणातील आंतरक्रिया व नियमितीकरण : एक चिकित्सा

होय-नाही स्वरूपाच्या परिणामांच्या अभ्यासासाठी लॉजिस्टिक समाश्रयणाचा वापर सर्रास होतो. आंतरक्रिया पदे नसलेल्या प्रतिमानात एका घटकाचा प्रभाव दुसऱ्या घटकाच्या सर्व पातळ्यांवर समान मानला जातो. हे गृहीतक न तपासल्यास काय घडते, हे १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांच्या आकडेवारीवरून स्पष्ट होते.

मुलामुलींसह मोजल्यास पहिल्या वर्गातील १४५ स्त्रियांपैकी १४१ व १८० पुरुषांपैकी ६२ वाचले. तिसऱ्या वर्गातील १९६ स्त्रियांपैकी ९० व ५१० पुरुषांपैकी ८८ वाचले. वाचलेल्यांचे मृतांशी असलेले प्रमाण, म्हणजेच ऑड्स, पहिल्या वर्गात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे सुमारे ६७ पट, तर तिसऱ्या वर्गात सुमारे ४ पट भरते. लिंग व वर्ग यांचे आंतरक्रिया पद वगळल्यास सर्व वर्गांसाठी एकच गुणोत्तर हाती येते. स्त्रियांना दिलेले प्राधान्य सर्व वर्गांत सारखेच होते, असा भास त्यातून निर्माण होतो आणि तिसऱ्या वर्गातील १०६ स्त्रियांचे मरण त्या एका आकड्याआड लपते.

तथापि, आंतरक्रिया पद घेतल्याने प्रश्न संपत नाही. पहिल्या वर्गात मृत स्त्रिया केवळ ४ आहेत. त्यांतील एक वाचली असती, तर ६७ चा आकडा ९० वर गेला असता. अशा अस्थिरतेवर नियमितीकरण हा उपाय आहे. त्यात मोठ्या सहगुणकांवर दंड आकारला जातो. हर्ल व केनार्ड यांनी १९७० मध्ये मांडलेली रिज पद्धती सहगुणकांना शून्याकडे ओढते. टिबशिरानी यांची १९९६ मधील लॅसो पद्धती काही सहगुणक थेट शून्य करते.

परंतु हा दंड तटस्थ नसतो. चलांची मोजपट्टी किंवा सांकेतन बदलल्यास उत्तर बदलते. लॅसो मुख्य पद वगळून केवळ आंतरक्रिया पद राखू शकते. निवडलेल्या पदांना नेहमीच्या रीतीने काढलेली पी-मूल्ये लावणेही अयोग्य ठरते, कारण निवड त्याच आकडेवारीवरून झालेली असते. शून्य झालेला सहगुणक ‘फरक नाही’ असे सिद्ध करत नाही. फरक दाखवण्याइतकी माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अल्पसंख्य गटांबाबत ही शक्यता अधिक असते.

सारांश, नियमितीकरण अंदाजांना स्थैर्य देते. विषयज्ञानाची जागा घेत नाही. कोणती आंतरक्रिया तपासायची, हे संशोधकाने विषयाच्या आधारे आधीच ठरवावे, मुख्य पदे प्रतिमानात राखावीत आणि प्रत्येक गटातील मूळ संख्या निष्कर्षासोबत द्याव्यात. असे न केल्यास ज्या विषमतेचा शोध घ्यायचा, तीच गणिताच्या सोयीसाठी पुसली जाण्याचा धोका राहतो.