सल्ला आणि उत्तरदायित्व : व्यवस्थापन सल्ला-व्यवसायातील नैतिक द्वंद्वाची चिकित्सा

सल्लागार केवळ पर्याय मांडतो, निर्णय ग्राहक कंपनी घेते, या युक्तिवादावर व्यवस्थापन सल्ला-व्यवसायाची नैतिक निर्दोषता उभी आहे. वॉल्ट बॉग्डानिच व मायकेल फोर्सिथ या पत्रकारांचा ‘व्हेन मॅकिन्झी कम्स टू टाउन’ (२०२२) हा ग्रंथ या युक्तिवादालाच आव्हान देतो.

मॅकिन्झीने अमेरिकेतील पर्ड्यू फार्मा कंपनीला ऑक्सिकॉन्टिन या व्यसनकारक वेदनाशामकाची विक्री वाढविण्याचे मार्ग सुचविले. हे औषध अधिक प्रमाणात लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर विक्रेत्यांनी लक्ष केंद्रित करावे, हा त्यांपैकी एक. त्याच काळात ही संस्था एफडीए या औषध-नियामक यंत्रणेचीही सल्लागार होती.

लेखकद्वयाची मांडणी साधार आहे. तथापि एकामागून एक प्रकरणे वाचताना दोष एकाच संस्थेचा वाटू लागतो, ही ग्रंथाची मर्यादा होय. वस्तुतः हे द्वंद्व व्यवसायाच्या रचनेतच आहे. गोपनीयतेचा करार ग्राहक कंपनीचे रक्षण करतो; परिणाम भोगणारा रुग्ण त्या करारात कोठेच नसतो.

डिसेंबर २०२४ मध्ये या कामासंबंधीच्या फौजदारी व दिवाणी चौकशीच्या निराकरणासाठी मॅकिन्झीने ६५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. सल्ला हीदेखील कृतीच असते, हे त्यातून अधोरेखित झाले. म्हणूनच व्यवस्थापनाच्या वर्गात ‘नफा कसा वाढेल?’ या प्रश्नाआधी ‘करारात नसलेल्याचे काय होईल?’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.